औशाच्या वकीलचाचांचं ऑफिस : जुना एक स्टार काढून नवीन रिव्ह्यू

२०१६ ला ह्याच ऑफिसला मी एक स्टार दिला होता. काय लिहिलं होतं ते पण पाठ आहे, "पैसे घेतात आणि काम उलटं करतात, कुणी जाऊ नका". तो रिव्ह्यू काल काढून टाकला. त्याला एकेकाळी नऊ लाईक होते, त्यातले दोन माझ्याच चुलतभावांचे.

वकिलांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. औशाच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही वकीलचाचांचं ऑफिस विचारा, आटोवाला नेऊन सोडतो. चाचा आता नाहीत, ह्या उन्हाळ्यात गेले. ऑफिस मात्र चालू आहे, मुलगी बघते, तिला सगळे आपा, म्हणजे मोठी ताई, म्हणतात म्हणून मी पण म्हणतो, वयानं लहान आहे माझ्यापेक्षा. पाटी तीच, मराठी आणि उर्दू दोन्हीत, उन्हानं अर्धी उडालेली, नवीन करा म्हणलं की आपा हो म्हणते आणि करत नाही.

जिना लोखंडी आहे, अरुंद, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर मागून एकानं धरा. वर दोन खोल्या, बाहेर बाकडं, आत टेबल आणि कागदाचे गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले. पंखा आवाज करतो. पार्किंग नाही, गाडी खाली हॉटेलापुढं लावा, चहा घेतला तर तो काही म्हणत नाही.

आता एक स्टार का दिला होता ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमचे आप्पा २०१५ च्या दिवाळीनंतर वारले. साडेसात एकर रान, एक विहीर, सोयाबीन आणि पाणी राहिलं तर हरभरा. आई, मी आणि ताई अशी तीन नावं फेरफारानं सातबाऱ्यावर चढली. पुढचं आपल्याकडं ठरलेलंच असतं की, बहिणीनं येऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडीचोळी करायची, पुरणाचं जेवण, झालं. ताईला फोन केला, ती येते म्हणली, मी समजलो काम झालं. त्याच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी एका वकिलाला दोन हजार देऊन बसलो होतो, चार चकरा मारल्या आणि ड्राफ्टमध्ये गट नंबरच दुसऱ्याचा टाकलेला, म्हणजे सही झाली असती तर ताईनं कुणाचं रान सोडलं असतं देव जाणे. म्हणून मग चाचांकडं.

साल २०१६, एप्रिल महिना, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेच दिवस. आमच्या विहिरीत खाली उतरून वाटीनं पाणी भरावं अशी गत. ताई उमरग्याकडून दोन गाड्या बदलून आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत माझ्या पोरांसाठी शेंगाचे लाडू.

चाचांनी कागद बघितले, चष्मा कपाळावर चढवला आणि मला म्हणले, "बेटा, तू जरा खाली जाऊन चहा पिऊन ये."

मी म्हणलो, चाचा मी भाऊ आहे, मीच आणलंय तिला.

"हौ. भाऊ आहेस म्हणूनच खाली जा."

खाली गेलो. एक चहा झाला, दुसरा झाला, मग भजे सांगितले, भजे संपले, पेपर वाचून झाला, हॉटेलवाला म्हणला चाचांकडं आलाव का, मी हो म्हणलो तर तो हसला आणि म्हणला मग अजून एक प्लेट सांगा. पाऊण तास गेला. वर गेलो तर ताई रडत बी नव्हती आणि हसत बी नव्हती, बशीतला चहा तसाच, वर साय धरलेली. चाचा म्हणले तुझी बहीण सही करूलाली नाही. ताई माझ्याकडं न बघता म्हणली, "माझं अडीच एकर राहू दे रे. ह्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज हाय, बोअर बी कोरडा गेलाय."

मी तिथं काय काय बोललो ते लिहीत नाही. चाचांना पण बोललो. ते ऐकून घेतले आणि म्हणले, हक्कसोडपत्र म्हणजे हक्क सोडायचं पत्र, आपला हक्क आहे हेच जिला माहीत नाही ती सोडणार काय? मी म्हणलो तिचं लग्न १९९२ ला झालंय, लग्न झालेल्या पोरीला कुठं हिस्सा असतो. तर म्हणले, महाराष्ट्रानं १९९४ ला कायदा केला त्यात आधी लग्न झालेल्या पोरी वगळल्या होत्या, तू म्हणतोस ते त्या कायद्याचं, पण २००५ ला दिल्लीनं वारसा कायदा बदलला त्यात ती अट नाही, पोरगी जन्मानंच वाटेकरी, पोरासारखी. मग पेन्सिलीनं साडेसात भागिले तीन करून दाखवलं, जसं काय मी तिसरीत आहे. आणि वर पाचशे रुपये घेतले. मी म्हणलो सल्ला मी मागितलाच नव्हता. म्हणले, सल्ला बहिणीनं घेतला, पैसे तुझ्याकडून, कारण आणलंस तू.

घरी येऊन रात्री एक स्टार.

नंतर कळलं की हे एकट्या माझ्याशी नव्हतं केलं. त्यांच्या समाजातली माणसं पण ह्याच पायी वैतागलेली असायची. मुसलमानांचा हिशोब वेगळा, तिथं बापाच्या जिवंतपणी कुणाचाच हिस्सा नसतो, बाप गेला की बायकोला आठवा भाग, राहिलेल्यात पोराला दोन तर पोरीला एक, आणि मृत्युपत्र केलं तरी वारसांच्या संमतीशिवाय तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं जात नाही. हे सगळं ठरलेलं असून पण भाऊ येऊन म्हणणार, बहिणीनं माफ केलंय चाचा, तुम्ही फक्त कागद करा. चाचा म्हणायचे, कितना माफ किया, आकडा तर सांगू दे तिला. फॉर्म्युला हिंदूचा वेगळा आणि मुसलमानाचा वेगळा, पण खाली चहा प्यायला दोन्हीकडचा भाऊच.

ताईचं पुढं काय झालं तर अडीच एकर तिच्या नावावर राहिलं, मीच बटईनं करतो, निम्मं तिला देतो. तीन वर्षं बोलणं नव्हतं. आता आहे. मनातून पूर्ण गेलंय असं नाही, विहीर माझ्या वाट्याला आलीय ह्यावर ती अजून टोमणा मारते, मी पण मारतो.

मी परत त्यांच्या जिन्यावर चढलो ते २०१८ ला, तेही माझ्या कामासाठी नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आमच्या गावात आमची स्मशानभूमी आणि मुसलमानांचं कब्रस्तान शेजारीशेजारी आहे, मधी नुसती चिल्हारीची झुडपं. कधी भांडण नाही. मग ग्रामपंचायतीला भिंतीसाठी निधी आला आणि निधीबरोबर भांडण पण आलं, कारण भिंत घालायची म्हणलं की कुठून घालायची ते ठरवावं लागतं. ते म्हणले तुमची समाधी आमच्यात, आमचे म्हणले तुमची कबर आमच्यात. पोरांनी व्हॉट्सॲपवर काय काय चालू केलं. मला टेन्शन आलं, कारण आमचे आप्पा पार कडेला आहेत, त्या झुडपाजवळच.

आमचे पंच चाचांकडं गेले तर तिकडची मंडळी आधीच येऊन बाकड्यावर बसलेली, म्हणजे दोन्ही पार्ट्या एकाच वकिलाकडं. त्यांना वाटलं चाचा आपलेच आहेत, आम्हाला वाटलं चाचा कुणाचेच ऐकत नाहीत म्हणजे बरं. चाचांनी दोघांची वकीलपत्रं घेतली नाहीत. म्हणले केस करायची तर दोघं बी दुसरीकडं जा, कागद वाचून घ्यायचा असंल तर बसा.

बाहेरच्या लोकांना हे समजणार नाही म्हणून सांगतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कारभार उर्दूत. आमचे आजोबा लिंगायत, गळ्यात लिंग, पण शाळा उर्दू, सही पण उर्दूत करायचे. आता आपण ज्याला जुना कागद म्हणून पकडतो तो बहुतेक १९५४-५५ चा खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद असतो, त्याच्या मागं गेलं की उर्दू नाहीतर मोडी सुरू होतं आणि साल पण फसली सन, म्हणजे तेव्हाचं महसुली साल असतं. ते वाचणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. मोडी-उर्दू दोन्ही वाचणारा वकील मी तरी एवढाच बघितला. वडिलांनी शिकवली म्हणायचे, वडील कचेरीत मुन्शी होते.

तर त्या जुन्या नकलेवर बोट ठेवून चाचा एकेक शब्द वाचत गेले, आधी उर्दूत जसाच्या तसा, मग मराठीत. पूर्ण तुकडा एकच नंबर आणि समोर शब्द पण एकच, कब्रस्तान. हद्द चार दिशांची दिली होती, नाला, गाडीवाट, एका पाटलाचं शेत, पण मधली रेघच नाही. कारण कागद करणाऱ्या मुन्शीला दोघं बी पुरणारेच, त्यानं एकच शब्द टाकला आणि मोकळा झाला. आमचे एक म्हातारे अप्पा एकदम म्हणले, म्हणजे आमचं बी कब्रस्तानच हाय मनावं की. तिकडचा एक जण हसला, मग सगळेच हसले. भूमी अभिलेखची मोजणी लावली, फी निम्मी निम्मी, भिंत भोवताली घातली आणि मधी नाही. एक बोअर आहे, नळ दोन्हीकडून लागतो. व्हॉट्सॲपवाली पोरं त्या दिवशी ऑफिसात आली नव्हती, त्यांचं समाधान झालं का नाही ते मला माहीत नाही.

ह्या कामाचे पैसे घेतले नाहीत. देवळाच्या कमिटीचे चेंज रिपोर्ट करायचे तेव्हा पण घ्यायचे नाहीत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं कळवावं लागतं, हे आपल्या निम्म्या देवळांना माहीतच नसतं, मग दहा वर्षांनी भांडण झालं की मेलेली माणसं विश्वस्त म्हणून निघतात. चाचा रस्त्यात गाठून विचारायचे, अहो महाराज, तुमचे अध्यक्ष वारले ना पावसाळ्यात, रिपोर्ट टाकला का. बुद्धविहाराच्या संस्थेची नोंदणी त्यांनीच केली आणि मशिदीचे वक्फ बोर्डाचे कागद पण तेच करायचे. मशिदीच्या लोकांवर जास्त चिडायचे, म्हणायचे बाकीच्यांना एकदा सांगितलं की करतेत, तुम्ही मला घरचा समजून हिशोबच देत नाही.

चाचांना मी पहिल्यांदा बघितलं ते मात्र ह्या सगळ्याच्या किती तरी आधी. तेव्हा ते कोण हे पण माहीत नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं रात्री उशिरा येऊन झोपली होती आणि पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. मी दहा वर्षांचा. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची, रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात थंड राहावं म्हणून दरवर्षी थर टाकत टाकत जड झालेलं, तेच अंगावर आलं. माझे चुलता-चुलती गेले, त्यांचा सहा वर्षांचा पोरगा उंबऱ्याजवळ झोपला होता तो वाचला. नंतर पाऊस लागला. चिखल, पत्रे, मिलिटरी, आणि पंधरा दिवसांनी कागदाची रांग सुरू झाली, मेला कोण, त्याचा वारस कोण, पासबुक कुठं, रेशनकार्ड कुठं. सगळं माळवदाखाली.

एक माणूस स्कूटरवर टाइपरायटर बांधून यायचा. ताडपत्रीखाली गव्हाच्या पोत्यावर बसून शपथपत्रं टाइप करायचा, मला त्या टाइपरायटरच्या घंटीचं लई कौतुक वाटायचं, ओळ संपली की टिंग. आप्पांनी मला त्याला भाकरी द्यायला पाठवलं तर त्यानं निम्मी मोडून मलाच दिली. तोच हा माणूस हे मला २०१८ ला त्या बाकड्यावर बसल्यावर आमच्या त्या म्हाताऱ्या अप्पांच्या तोंडून कळलं.

तो सहा वर्षांचा पोरगा, त्याच्या नावावर मदतीचा पैसा आला आणि पैसा आला तसे पालक पण आले, चार चार जण, मामा काय, लांबचा काका काय. चाचांनी कोर्टातून रीतसर पालक नेमून घेतला, आमच्या आजीला, आणि पैसा बँकेत पोराच्या नावावर ठेवायला लावला, अज्ञानाची मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही हे सगळ्यांच्या समोर दोनदा मोठ्यानं सांगितलं. त्या पैशातून तो डीएड झाला. आज मास्तर आहे. आणि माझ्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला लाईक करणारा एक चुलतभाऊ तोच. त्याला सांगितलं तेव्हा तो फोनवर काहीच बोलला नाही, नंतर बघितलं तर लाईक काढलेला होता.

तोटे पण लिहितो, नाहीतर सगळं गोडगोड वाटंल. चाचा फोन उचलायचे नाहीत. दुपारी एकला उठायचे ते उठायचेच, तुम्ही शंभर किलोमीटरवरून आलेले असा नाहीतर कलेक्टरचे पाहुणे असा, घरी जाऊन चाचीसोबत जेवायचे आणि तीनला परत. आम्ही दोन तास बाकड्यावर माश्या मारत. आवाज चढवायचे, अडाणी माणसावर नाही, शिकलेल्यावर. आणि शेवटची काही वर्षं मंगळवार-शुक्रवार ऑफिस बंदच, चाचीचं डायलिसिस लातूरला असायचं. ज्युनियरला पाठवून देतो, तुम्ही जा, असं कोर्टातले वकील म्हणायचे, तर चाचांचं उत्तर ठरलेलं, मंगळवारी-शुक्रवारी मला बायकोची तारीख असते. सात-आठ वर्षं एक तारीख चुकवली नाही. चाची गेली त्याच्या पुढच्या वर्षी हे गेले.

त्यांची डायरी आपानं मला दाखवली. वकिलांची असते ना, तारखांची मोठी, तसली. नवीन डायरी आली की आधी त्यात कोर्टाचं काहीच लिहायचे नाहीत. आधी आषाढी एकादशी, त्याच्या पुढं मागं वारीला जाणाऱ्या पक्षकारांची नावं, म्हणजे त्या दिवसांत त्यांची तारीख घ्यायची नाही. मग रमजान, मोहरम, आमच्याकडं मोहरमच्या सवाऱ्या कित्येक गावांत हिंदूच उचलतात त्यामुळं तिथं पण हिंदूंचीच नावं. बसवजयंती, १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, पर्युषण, नाताळ, परभणीचा उरूस. मग हिरव्या शाईनं घरचं. "चाची हॉ.", "आपा परीक्षा", "छोटीचा दात". हे सगळं भरून झाल्यावर जी पानं रिकामी राहतील त्यात कोर्टाच्या तारखा. एका पानावर "म्हणणे दाखल" आणि त्याच्याच खाली "छोटीला सायकल, ब्रेक बघणे" असं आहे. मी ते पान किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक, आपा म्हणली भाऊ, द्या आता, काम आहे.

चाचांच्या मातीला गेलो होतो. आमच्या गावचे जंगम स्वामी आणि मशिदीचे मौलाना एकाच आटोत आले, कारण त्या टायमाला गावातून तेवढी एकच गाडी होती. दोघांनी भाड्यावरून घासाघीस केली ते पण ऐकलं.

आता आपाचं. काम चोख आहे आणि चाचांपेक्षा फास्ट आहे हे मान्य करावं लागंल. तारीख व्हॉट्सॲपवर येते, केसचा नंबर देते, ई-कोर्टवर आपली आपण बघता येते. फीची पावती मिळते, ती चाचा देत नसत. बायकांना पहिल्यांदा हेच विचारते की तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज केला का, बाईला उत्पन्न कितीही असू दे सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे सांगून स्वतःचं गिऱ्हाईक घालवते, हा घरचाच गुण. जमण्यासारखं असलं तर लोकअदालतीत ठेवते, तिथं मिटलं की अपील नाही आणि कोर्ट फी परत. उर्दू वाचते, मोडी तिला येत नाही, त्यासाठी बाहेर पाठवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. चाचांसारखी ओरडत नाही, त्यामुळं माणसं जरा जास्त बोलत बसतात, नंबर लांबतो. सकाळी कोर्टाच्या आधी गेलात तर बरं.

चार स्टार देतो. एक जिन्याचा आणि फोनचा कापला, चाचा असते तर म्हणले असते तेवढा बरोबर आहे.

मागच्या आठवड्यात आईच्या नावाच्या फेरफारासाठी गेलो होतो, बाकड्यावर माझा तिसरा नंबर. माझ्या पुढं एक जण, पस्तिशीचा, पांढरा शर्ट, सोबत बहीण, पिशवीत काहीतरी डबा. आत गेले आणि दोन मिनिटांत हा एकटाच बाहेर आला, चेहरा तसाच, जसा माझा झाला असंल. मला म्हणला, मॅडम म्हणतेत खाली जाऊन चहा पिऊन या, काय असतंय हो हे?

मी म्हणलो, नुसता चहा नका सांगू, भजे पण सांगा. वेळ लागतो.